फिरकीची खिडकी

आमच्या घरात खिडकी किती उघडावी हे आकड्यांत सांगण्याची रीत होती. वैशाखात सूर्य कलला की अण्णा अंगणातून हाक देत, "आज नऊ!" श्रावणात पावसाची झड तिरपी येऊ लागली की माई म्हणे, "अरे, तीनवर आण, गादी भिजेल." पाहुण्यांना या संभाषणाचा अर्थ लागत नसे. पुण्याहून आलेल्या एका आत्येभावाने तर, तुमच्याकडे काही डाव चालतो का, असे मला एकदा बाजूला घेऊन विचारले होते. खुलासा अगदी साधा होता. आमच्या खिडक्या ढकलून उघडत नसत, फिरकी फिरवून उघडत. आणि पूर्ण उघडायला नऊ फेरे लागत.

रामबागेतले हे घर आजोबांनी १९३६ साली बांधले. ते होळकर संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. खोल्यांची उंची चौदा फूट, भिंती दीड फूट जाडीच्या, आणि चार खोल्यांत छताच्या जरा खाली एकेक आडवी खिडकी. अशा खिडकीला इंदुरात सगळे रोशनदान म्हणतात. बहुतेक घरांत ती दोरीने उघडते. दोरी खुंटीला गुंडाळून ठेवायची, आणि रात्री वाऱ्याने दोरी सुटली की झडप धाडकन आपटून सारे घर जागे व्हायचे. आजोबांना ही दोरी मंजूर नव्हती. त्यांनी मुंबईहून चार विलायती पेट्या मागवल्या. प्रत्येक पेटी नारळाएवढी, बिडाची, खिडकीच्या चौकटीला खालून बसवलेली. पेटीतून एक लोखंडी दांडा भिंतीलगत खाली उतरे, आणि छातीच्या उंचीवर त्याला वाक देऊन लाकडी मूठ बसवलेली असे. मूठ धरून दांडा फिरवायचा. पेटीच्या आत एक मळसूत्र आणि त्यात अडकलेले दातेरी चाक. मळसूत्र फिरले की चाक फिरे, चाकाच्या आसावरचा हात पुढे येई आणि तावदान सावकाश बाहेर ढकलले जाई.

या रचनेतली खरी खुबी अण्णांनी मला मी आठ-नऊ वर्षांचा असताना समजावली होती. मळसूत्राने चाक फिरते, पण चाकाने मळसूत्र फिरत नाही. त्यामुळे वळिवाचा वारा तावदानाला कितीही हिसडे देवो, खिडकी जिथे सोडली तिथेच उभी राहते. कडी नको, कोयंडा नको, खुंटी नको. "आपण सांगावे आणि तिने ऐकावे, वाऱ्याचे मात्र ऐकू नये," असे ते म्हणत. खिडकीविषयी बोलताना ते मुलांविषयी बोलत आहेत, असे मला पुढे कधी तरी वाटले.

आजोबांना ही हौस कोठून लागली असावी, याचा अंदाज बांधता येतो. तुकोजीराव महाराजांचे चिरंजीव यशवंतराव होळकर यांच्यासाठी माणिकबागेचा राजवाडा १९३० ते १९३३ या काळात उभा राहिला. एकार्ट म्युथेसियस हा तिशीच्याही आतला जर्मन वास्तुविशारद त्याचा कर्ता. घुमट नाहीत, कमानी नाहीत, कोरीव नक्षी नाही. सरळ रेषा, धातू, काच आणि उजेड. आतले सामान युरोपातून जहाजाने आले. त्यातले पुष्कळसे १९८० साली मोनाकोच्या लिलावात विकले गेले, आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात या महाराजांच्या आधुनिक रसिकतेवर खास प्रदर्शन भरले. इमारत इंदुरातच आहे. तेथे केंद्रीय करखात्याची कचेरी आली. संस्थानच्या बांधकाम खात्यातील साध्या ओव्हरसियराने हे काम जवळून पाहिले असेल, आणि राजाच्या घरी जे यंत्राने होते ते आपल्या घरी निदान चार खिडक्यांपुरते तरी व्हावे, असे त्याच्या मनाने घेतले असेल. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे माणिकबाग.

पण केवळ हौस म्हणून ही खिडकी नव्हती. तापलेली हवा वर चढते आणि छताखाली साचते. तिला वरून वाट दिली की खालच्या खिडक्यांतून बाहेरची थंड हवा आपोआप आत ओढली जाते. दिवसा लू वाहत असताना सर्व दारे-खिडक्या मिटून घ्यायच्या आणि रात्री आठानंतर वरची खिडकी पूर्ण उघडायची, हा मालव्याच्या हवेला साजेसा हिशेब आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि मालव्याची रात्र, असे जे म्हणतात, त्यातली रात्र आमच्या घरात या नऊ फेऱ्यांनी येत असे.

आता कबुलीजबाब.

अण्णा १९९४ साली गेले. १९९६ मध्ये मी घराचे रंगकाम काढले. त्या वर्षांत इंदुरात ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात प्लास्टरचे खोटे छत बसत होते. कडेने नक्षी, मधे पंख्याभोवती फुले. आम्हीही तीन खोल्यांत ते बसवले. खोटे छत दहा फुटांवर आले, खिडक्या त्याच्या वर गेल्या. मग दांड्यांचे काय काम? तीनही पेट्या आणि दांडे काढून मी कबाड्याला दिले. त्याने तराजू धरला, वजन केले, पैसे मोजले. त्याच पैशांत रात्री मुलांना घेऊन सराफ्यात गेलो, कचोरी आणि जिलबी खाल्ली. ती चवीने खाल्ली, हेही सांगणे भाग आहे. माईने तेवढे आपल्या माडीवरच्या खोलीत कारागिरांना पाऊल ठेवू दिले नाही. "माझ्या डोक्यावर दुसरे छत नको," एवढेच ती म्हणाली. म्हणून चौथी खिडकी वाचली.

आणि तीच २०२३ च्या एप्रिलमध्ये बिघडली. एका संध्याकाळी मी मूठ फिरवली तर दांडा सहज, अगदी कशालाच न अडकता फिरू लागला. आत काहीतरी कटकट वाजे आणि तावदान जागचे हलत नसे. खिडकी मिटलेली, बाहेर बेचाळीस अंश, आणि खोलीत नव्वदीची माई. मी लागलीच वातानुकूलन यंत्राची भाषा केली. माईने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "त्या गारव्याने माझे सांधे धरतात. तू खिडकीचे बघ." मला वाटले, त्यात काय मोठेसे, चार दिवसांत दुसरी पेटी आणून बसवू.

ते चार दिवस दहा महिने चालले.

सियागंजात हार्डवेअरची जुनी दुकाने पुष्कळशी बोहरा मंडळींची आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती. त्यातल्या सर्वांत वयस्कर शेठजींपुढे मी उभा राहिलो आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळलो. त्यांनी विचारले, "भाईसाहब, चीज़ का नाम क्या है?" मला नाव ठाऊक नव्हते. आम्ही घरात फिरकी म्हणत होतो. पण फिरकी मागितली तर पतंगवाल्याकडे पाठवतील. मी म्हटले, रोशनदानाचा गियर. त्यांनी एकापाठोपाठ एक वस्तू गल्ल्यावर मांडल्या. दोरीच्या कप्प्या. लोखंडी खिडकीला लावतात तो भोकाभोकांचा स्टे. घर्षणाची बिजागरी. मी मान हलवीत गेलो. रानीपुऱ्यातल्या एका दुकानदाराने तर फार विचार करून आतून एक डबा आणला आणि ॲम्बॅसेडर मोटारीच्या दाराची काच खालीवर करणारी यंत्रणा माझ्या हातात ठेवली. हसू आले, पण पुढे विचार करता तो माणूस सर्वांपेक्षा माझ्या वस्तूच्या जवळ पोहोचला होता. त्याने निदान फिरवण्याची क्रिया ओळखली होती.

मिस्त्री आले आणि गेले. एकाने ॲल्युमिनियमची सरकती खिडकी सुचवली. तेरा फुटांवरची खिडकी रोज सरकवायला कोण चढणार, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. दुसऱ्याने विजेच्या मोटारीवर चालणारी साखळी आणि तिचा रिमोट दाखवला. वस्तू उत्तम होती. पण माईला त्या रिमोटची बटणे दिसणार नव्हती, आणि बेचाळीस अंशांच्या दिवशी वीज गेली की खिडकीही गेली. सर्वांचे एका बाबतीत एकमत होते: जुने काढून फेका. पेटी उघडून पाहावी, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले नाही. खरे सांगायचे तर मीही म्हटले नाही. तिच्यावर आठ दशकांचे रंगाचे थर बसले होते आणि ती एकसंध दगडासारखी दिसत होती. माझे सारे लक्ष तिच्या जागी बसेल अशा दुसऱ्या पेटीकडे लागले होते.

जुलैत अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला गेलो. निमित्त एका लग्नाचे, पण खिशात खिडकीचे माप. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची आणि लोखंडी सामानाची दुकाने दोन दिवस पालथी घातली. मग चोरबाजारात मटन स्ट्रीटवर गेलो. तेथे पाडलेल्या बंगल्यांचे अवयव मांडून ठेवलेले असतात: पितळी मुठी, कड्या, दारांच्या उंच खिट्ट्या, रंगीत काचा. आणि एका दुकानाच्या कोपऱ्यात मला आमचे दांडे दिसले. हुबेहूब तसेच, वाक दिलेले, लाकडी मुठीचे, सात-आठ तरी असतील. छातीत धडधडले. पेट्या आहेत का, विचारले. दुकानदार म्हणाला, पेट्या कधीच नव्हत्या. आतल्या चाकाच्या धातूला चांगला भाव येतो, त्यामुळे त्या आधीच वजनावर जातात. दांडे मात्र शोभेचे म्हणून राहतात. मी काही न बोलता बाहेर पडलो. आमच्या कबाड्याचा तराजू मला त्या गल्लीत पुन्हा दिसला.

धाकटा भाऊ तीस वर्षांपासून अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात आहे. फोनवर हे पुराण ऐकून तो म्हणाला, "दादा, आमच्याकडे तर सगळ्या खिडक्या फिरकीच्याच आहेत!" त्याचे कारण त्याने सांगितले ते मला फार आवडले. तिकडे डासांची जाळी खिडकीच्या आतल्या बाजूस असते. तावदान बाहेर उघडायचे तर मध्ये जाळी आड येते. मग हात बाहेर न घालता ढकलणार कसे? म्हणून फिरकी. आमच्याकडे उंचीमुळे हात पोहोचत नव्हता, त्यांच्याकडे जाळीमुळे. उपाय एकच निघाला. अशा फिरक्या बनविणारा मोठा कारखाना त्याच्याच राज्यात आहे. तिकडे जुनी फिरकी मोडली तर करायचे ते ठरलेले आहे: तिच्यावर उमटवलेला क्रमांक शोधायचा, हाताची लांबी मोजायची, डावी की उजवी ते पाहायचे, मूठ ज्या खाचांच्या टोकावर बसते त्याचा व्यास घ्यायचा, आणि मागवायची. चाळीस वर्षांपूर्वीच्या खिडकीलाही भाग मिळतो. मी त्याला फोटो पाठवला, मापे पाठवली. पेटीवरचा रंग खरवडून अक्षरे शोधली. 'पेटंट' एवढाच एक शब्द लागला.

डिसेंबरमध्ये तो आला तेव्हा सामानात एक चकचकीत फिरकी घेऊन आला. आम्ही दोघे वयस्क भाऊ शिडीवर चढलो, एकाने धरली, दुसऱ्याने मापले. ती बसणे शक्यच नव्हते. तिकडची तावदाने बाजूच्या बिजागरीवर उघडतात, आमचे वरच्या. तिकडे मूठ थेट खिडकीच्या उंबऱ्यावर असते, आमची नऊ फूट खाली. खाली उतरून चहा घेताना तो म्हणाला, "दादा, एका खिडकीसाठी आपण किती धावतोय. आता घराचेही एकदा काय ते ठरवायला हवे. बिल्डर तीन वेळा फोन करून गेला म्हणतोस. तुझ्यामाझ्यानंतर मुले इथे येणार नाहीत."

त्यात चूक काही नव्हते. मुले येणार नाहीत. रामबागेत, नारायणबागेत, आपल्या लोकांची जी टुमदार घरे होती त्यांच्या जागी एकेक करून चारमजली इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्या बांधणारेही आपलेच आहेत, विकणारेही आपलेच. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली इंदूर दरबारला दोन खंडांचा अहवाल दिला होता. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, नेमके अडते तेवढे काढावे आणि बाकीचे राखून त्याला हवा-उजेड द्यावा, असा त्यांचा आग्रह असे. आजोबांच्या कपाटात त्या अहवालाविषयी टिपणे होती; ती मी लहानपणी पाहिली आहेत. पण गेडिस यांना वारसांची वाटणी करावी लागली नव्हती. मी भावाला काय उत्तर द्यावे, या विचारात असतानाच माडीवरून माईचा आवाज आला. आम्हांला वाटत होते तिला ऐकू कमी येते. ती म्हणाली, "आधी खिडकीचे ठरवा."

भाऊ जानेवारीत परत गेला. घराविषयी काहीच ठरले नाही.

आमच्याकडे वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाने फेब्रुवारीत सहज विचारले, "अंकल, वो खिड़की हुई क्या?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मेरे दादाजी को दिखाओ ना." दादाजी परदेशीपुऱ्यात राहतात. हुकुमचंद मिलमध्ये ते फिटर होते. मिल १९९१ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या सुमारे २२४ कोटींच्या देण्याचा प्रश्न बत्तीस वर्षांनी, २५ डिसेंबर २०२३ रोजी मार्गी लागला. तोवर अनेकजण हयात राहिले नव्हते. हे गृहस्थ राहिले होते. शहात्तरीचे, किडकिडीत, पांढरा सदरा, हातात रेग्झिनची पिशवी. पिशवीत स्वतःची हत्यारे, फडक्यात गुंडाळलेली.

त्यांनी खिडकीकडे पाहिले, दांडा एकदा फिरवला, कान लावून ऐकले, आणि मला दहा महिन्यांत कोणी न विचारलेला प्रश्न विचारला: "इसको खोला किसने था आख़िरी बार?" मी म्हटले, कोणीच नाही. ते म्हणाले, "तो फिर आपको कैसे मालूम कि ये ख़राब है?"

पहिला दिवस नुसता रंग खरवडण्यात आणि बोल्टांच्या डोक्यांवर रॉकेल सोडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पेटी खाली उतरली. धरणाऱ्या चार बोल्टांपैकी एक तुटला, तीन शाबूत निघाले. झाकण निघाले तेव्हा आत काळे, दगडासारखे घट्ट झालेले ग्रीस होते. पेटी रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चाक बाहेर काढले, ब्रशने धुतले, फडक्याने पुसले आणि माझ्या तळहातावर ठेवले. गनमेटलचे चाक, सोन्यासारखे पिवळे.

"गिनो, बाबूजी."

मी दाते मोजले. छत्तीस. त्यांतले नऊ-दहा झिजून नुसत्या उंचवट्यासारखे उरले होते. त्यांच्यावरूनच मळसूत्र घसरत होते. उरलेले सव्वीस-सत्तावीस दाते काल कापल्यासारखे धारदार होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी शांतपणे हिशेब सांगितला. मळसूत्राचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक दाता. तुमची खिडकी नऊ फेऱ्यांत उघडते, म्हणजे चाक नऊ दाते पुढे जाते आणि नऊ दाते मागे येते. छत्तीसाचा चौथा भाग. एवढी वर्षे तेवढाच चौथा भाग राबला. बाकीच्या तीन भागांना कामच पडले नाही. मग त्यांनी चाकाच्या मधल्या छिद्राकडे बोट दाखवले. छिद्र गोल नव्हते, चौकोनी होते. ज्या आसावर ते बसे तोही चौकोनी. म्हणजे चाक चार प्रकारे बसू शकत होते. त्यांनी ते पाव फेरा वळवले आणि पुन्हा आसावर सरकवले. काम झाले. "मिल में सब गरारियाँ ऐसे ही पलट-पलट के चलाते थे," ते म्हणाले. "नई माँगने जाओ तो साहब पूछता था, पुरानी का दूसरा बाजू देखा?"

मी नागदेवी स्ट्रीटवर, मटन स्ट्रीटवर, मिनेसोटात जे शोधत होतो ते सारा वेळ त्या पेटीत होते. आणि १९९६ साली जे तीन चाक मी तराजूत टाकले, त्यांचाही चौथाच भाग वापरलेला होता. हा विचार सुचला तेव्हा मी तो त्यांना बोलून दाखवला नाही. ते मिलमधले होते. वापरण्याजोगे असताना भंगारात निघणे म्हणजे काय, हे त्यांना माझ्याकडून कळण्याची गरज नव्हती.

दाते का झिजले तेही त्यांनीच सांगितले. मळसूत्र पोलादी आणि चाक मऊ धातूचे, हे मुद्दामच असते. दोघांपैकी कोणी झिजायचे ते आधीच ठरवलेले. पण तेल मिळत राहिले तर ते झिजणे फार हळू होते. तेल केव्हा घातले होते? अण्णा दर दिवाळीला शिडी लावून पेटीच्या वरच्या भोकातून शिवणयंत्राचे तेल सोडत. ते गेल्यावर ते भोक रंगाखाली बुजले. तीस दिवाळ्या. चुकीचा हिशेब असा बरोबर जुळला.

उरला तुटलेला बोल्ट. त्याच जाडीचा म्हणून मी घराजवळच्या दुकानातून आठ मिलिमीटरचा आणला. तो दोन आटे आत गेला आणि अडला. दादाजींनी तो काढून घेतला आणि म्हणाले, ही नवी चूड़ी आहे, पेटीची जुनी. ढाई सूत मागा. एका इंचाचे आठ सूत, ढाई सूत म्हणजे एका इंचाचे पाच सोळांश. जाडी जवळजवळ आठ मिलिमीटरच. फरक आट्यांत आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली ठरवून दिलेल्या मापात या जाडीच्या बोल्टाला इंचाला अठरा आटे असतात. मेट्रिक बोल्टाला तेवढ्याच लांबीत वीसच्या वर. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापे स्वीकारली, पण भिंतीत बसलेल्या पेटीला ते कोण कळवणार? मी पुन्हा सियागंजात त्याच शेठजींकडे गेलो. या वेळी ढाई सूत म्हणताच त्यांनी मान डोलावली, स्वतः शिडीवर चढले आणि धुळीने माखलेल्या डब्यातून जुन्या आट्यांचा एक बोल्ट काढून दिला. पाच रुपये घेतले. मग म्हणाले, "वो आपकी चीज़ मिली?" मी मोबाइलवर चाकाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि पुन्हा तोच प्रश्न केला, नाव काय? मी म्हटले, "हम लोग फिरकी बोलते हैं." त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला.

पेटी बसली त्या रात्री माई उशाशी टेकून बसली होती. मी मूठ हातात घेतली. तिला आता नीट दिसत नाही, पण पहिला फेरा पुरा झाला तसे ती "एक" म्हणाली. तावदान वर कुरकुरले आणि सुटले. दोन, तीन, चार. वरून कोंडलेली ऊब निघून जाताना जाणवत नाही. खालच्या खिडकीतून गार झुळूक पायांना लागते तेव्हा कळते की वर वाट झाली. सातला ती म्हणाली, "पुरे, अजून फाल्गुन आहे." आणि पांघरूण ओढून घेताना म्हणाली, "दिवाळीला तेल घालत जा."

२०२४ च्या दिवाळीला मी तेल घातले. शिडी पुतण्याने धरली होती, कारण माझेही वय आता शिडीचे राहिलेले नाही. घराचा प्रश्न जिथल्या तिथे आहे. माई आहे तोवर कोणी त्याविषयी बोलणार नाही, एवढे आम्ही दोघा भावांनी न बोलता ठरवले आहे. पुढे काय होईल ते मी येथे लिहू शकत नाही. पेटीच्या चाकाला पहिली बाजू सत्त्याऐंशी वर्षे पुरली. दुसरी आता लागली आहे, आणि दोन अजून कोऱ्या आहेत. घराचे आयुष्य एवढे नाही, हे मला कळते. घर जायचेच झाले तर ती पेटी आधी उतरवून घ्यावी, तेल घालून फडक्यात गुंडाळावी आणि सोबत एका चिठ्ठीवर 'छत्तीस दाते, दोन बाजू शिल्लक, बोल्ट ढाई सूत, जुने आटे' असे लिहून ठेवावे, असे मी भावाला पत्राने कळवले आहे. त्याने उत्तरात लिहिले की, अमेरिकेत अशा चिठ्ठीलाच क्रमांक म्हणतात.

या त्रैमासिकाच्या वाचकांपैकी अनेकांची घरे तीन-चार पिढ्यांपासून मालव्यात आहेत. इंदूर, देवास, धार, उज्जैन येथल्या त्या घरांना माळे आहेत आणि माळ्यांवर अडगळ आहे. तीत नारळाएवढी, रंगाने माखलेली एखादी बिडाची पेटी असेल तर ती कृपा करून वजनावर देऊ नये. रॉकेलात भिजवून उघडावी आणि दाते मोजावेत. मला तशा तीन हव्या आहेत. आमच्या खालच्या तीन खोल्यांतल्या खिडक्या खोट्या छताच्या वर अजून जागच्या जागी आहेत, आणि दिवाणखान्यातल्या त्या प्लास्टरच्या फुलांना एका कोपऱ्यात मोठी भेग गेली आहे. ती बुजवायला यंदा मी कोणाला बोलावलेले नाही.